गाडीची ताकद अचानक जाणे आणि इंजिन अडखळणे : पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषाचा माग कसा काढावा

सुरळीत चालणारी गाडी एकाएकी ओढेनाशी होते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढत नाही, इंजिन थरथरते, सायलेन्सरमधून तुटक आवाज येतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली, की बहुतेक वेळा ती काही झालेच नाही अशा थाटात चालू लागते. मेकॅनिकपुढे नेईपर्यंत दोष दडी मारून बसलेला असतो. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, पुढच्या खेपेला प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारी कॉइल, त्यानंतर इंधनपंप. आणि एवढे सगळे होऊनही दोष ठरावीक काळाने हजेरी लावतोच. अशा येऊन-जाऊन राहणाऱ्या दोषाच्या बाबतीत माझे मत पक्के आहे, की तो नेमका कोणत्या परिस्थितीत येतो हा सर्वांत मोलाचा पुरावा असतो, गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड त्याच्या खालोखाल येतो, आणि चाचणीने दोषी ठरल्याशिवाय कोणताही सुटा भाग बदलू नये.

सुरुवातीलाच दोन तक्रारी वेगळ्या करून घ्याव्यात, कारण बोलताना त्या एकाच वाक्यात येतात पण त्यांची कारणे बरीच वेगळी असतात. पहिली तक्रार म्हणजे इंजिन एकसारखे, न थरथरता चालते, पण त्यात दम राहिलेला नसतो. येथे संशय इंधनाच्या अपुऱ्या पुरवठ्यावर, तुंबलेल्या एक्झॉस्टवर, टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, सुटलेल्या पाइपवर किंवा इंजिनच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, स्वतःहून घातलेल्या मर्यादेवर जातो. दुसरी तक्रार म्हणजे इंजिन ठेक्यात चालत नाही, मध्येच एक ठोका चुकतो, स्टिअरिंग आणि सीट हलतात. यालाच गाडी ‘मिसिंग करते’ असे म्हणतात. येथे एक किंवा अधिक सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नसते. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मारेनासा झाला, तर जाणारी ताकद पाव हिश्श्याहून अधिक असते, कारण उरलेल्या तिघांना त्या चौथ्याचा पिस्टनही ओढावा लागतो. दोन्ही लक्षणे एकत्र असतील, तर आधी मिसिंगचा छडा लावावा. अनेकदा दम जाणे हा त्याचाच परिणाम असतो.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे

पिवळा दिवा स्थिर असेल, तर गाडी बेताच्या वेगाने घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल, तर त्याचा अर्थ ठरलेला आहे. मिसिंग इतके तीव्र आहे, की त्यातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधील घातक वायू निवळवणारा भाग, खराब होऊ शकतो. न जळलेले पेट्रोल आणि त्याबरोबर न वापरलेली हवा एक्झॉस्टमध्ये उतरते, कन्व्हर्टरच्या आत जाऊन पेट घेते आणि तेथील तापमान इतके चढते, की आतील चिनी मातीची जाळी वितळून गोळा होऊ शकते. वितळलेली जाळी पुढे एक्झॉस्टच तुंबवते, म्हणजे कॉइलसारख्या एका लहान भागाच्या दोषातून दुसरा, कितीतरी महागडा दोष जन्माला येतो. म्हणून दिवा लुकलुकू लागताच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबावे. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल, तर मात्र चर्चेला जागाच नाही; इंजिन त्या क्षणी बंद करावे.

दोष केव्हा येतो, याची नोंद

एक लहान वही गाडीत ठेवावी आणि प्रत्येक खेपेला इंजिन थंड होते की गरम, वेग किती होता, टॅकोमीटरचा काटा कोठे होता, चढ होता की सपाट रस्ता, हवा कोरडी होती की पाऊस पडत होता, टाकी किती भरलेली होती आणि शेवटचे इंधन कधी भरले होते, हे लिहावे. काही नोंदी जमल्या, की त्यातील साम्य दिसू लागते, आणि हे साम्य तपासाची निम्मी वाट कापून देते.

उभ्या गाडीत, आयडलिंगला इंजिन थरथरते आणि रेस दिली की सुधारते, असे असेल तर बहुधा कोठून तरी वाजवीपेक्षा जास्त हवा आत येत असते. आयडलिंगला इंजिन मुळात फारच थोडी हवा घेते, त्यामुळे फाटक्या नळीतून येणारी किंचित हवाही मिश्रण बिघडवायला पुरते. रेस दिल्यावर एकूण हवेचे प्रमाण वाढते आणि ती गळती त्यात हरवून जाते. जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत अडकला, तर तोही असाच वागतो, फक्त तो ताज्या हवेऐवजी जळून गेलेला वायू आत सोडतो.

याच्या उलट, आयडलिंग उत्तम आणि चढावर किंवा ओव्हरटेक करताना झटके, हे लक्षण ठिणगीच्या किंवा इंधनदाबाच्या दुर्बलतेकडे बोट दाखवते. भार पडला, की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाट मिश्रणातून प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला अधिक व्होल्टेज लागते. जी कॉइल उभ्या गाडीत ठीक काम करते, तीच तेथे कमी पडते, किंवा ठिणगी प्लगची फट सोडून रबरी टोपीच्या एखाद्या चिरेतून इंजिनच्या धातूवर उतरते. म्हणूनच बॉनेट उघडून, उभ्या गाडीला रेस देऊन केलेल्या तपासणीत हा दोष सापडत नाही, आणि ‘गाडी तर ठीक आहे’ असे उत्तर मिळते.

फक्त गरम झाल्यावर येणारा आणि थंड झाल्यावर जाणारा दोष क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिनचे फेरे मोजणारा), कॉइल किंवा इंधनपंप यांच्यात शोधावा. या तिघांतही एक फरक डोळ्यांनी टिपता येतो. गाडी गिअरमध्ये पळत असतानाच इंजिन एकाएकी बंद पडले आणि टॅकोमीटरचा काटा तत्क्षणी शून्यावर कोसळला, तर संशय क्रँकशाफ्ट सेन्सरवर घ्यावा. चाके इंजिनला अजून फिरवत असतात, पण फेऱ्यांची बातमी संगणकापर्यंत पोहोचत नसते. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत असेल आणि इंजिन आचके देत दम सोडत असेल, तर इंधनाकडे वळावे. टाकीतला पंप भोवतालच्या इंधनानेच थंड राहतो, त्यामुळे टाकी जवळजवळ रिकामी असताना, लांबच्या प्रवासात असे होत असल्याची नोंद मिळाली, तर हा संशय आणखी बळावतो.

पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर येणारे मिसिंग बहुधा प्लगच्या खोबणीत साचलेल्या पाण्यामुळे किंवा ओल्या कनेक्टरमुळे असते. टाकी पूर्ण भरल्यानंतर लगेच इंजिन सुरू व्हायला कुरकुरते आणि पहिले काही क्षण अडखळते, तर टाकीतील वाफ इंजिनकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. भरल्यानंतर बराच काळ दोष टिकून राहिला, तर इंधनात पाणी किंवा भेसळ असू शकते. सकाळच्या पहिल्या सुरुवातीला एखादा सिलिंडर काही सेकंद मारत नाही, मागून दाट पांढरा धूर येतो आणि कूलंट महिन्यागणिक कमी होत जाते, हा लक्षणांचा संच हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांमधल्या सीलमधून, सिलिंडरमध्ये झिरपणाऱ्या कूलंटचा असतो. त्यासाठी प्लग बदलत बसणे व्यर्थ आहे.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत २००१ पासूनच्या मोटारींत ओबीडी-२ प्रकारची निदानव्यवस्था सक्तीची झाली, आणि आज सर्वत्र विकल्या जाणाऱ्या गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली १६ पिनांचे ते सॉकेट असते. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर कोड वाचता येतात. पी०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरांत होणारे अनियमित मिसिंग, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमधील मिसिंग. मिसिंग ओळखण्याची रीत समजून घेतली, तर या कोडची मर्यादाही कळते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरमध्ये ज्वलन होते. मिनिटाला ३००० फेरे असताना सेकंदाला १०० ज्वलने होतात. ज्या सिलिंडरमध्ये ते झाले नाही, त्याच्या पाळीत क्रँकशाफ्ट किंचित मंदावतो, आणि संगणक हे मंदावणे मोजतो. म्हणजे तिसरा सिलिंडर ढिला पडला एवढेच त्याला कळते. तो ठिणगीअभावी, इंधनाअभावी की दाबाअभावी, हे त्याला मुळीच कळत नाही.

पी०१७१ या कोडच्या वाट्याला सर्वांत जास्त गैरसमज येतो. मिश्रणात इंधन कमी किंवा हवा जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ; तो वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे वाईट बातमी आणणाऱ्या निरोप्यालाच शिक्षा करणे होय. तसेच पी०४२० हा कन्व्हर्टरचे काम घटल्याचा कोड मिसिंगच्या कोडबरोबर दिसला, तर आधी मिसिंग दुरुस्त करावे, कन्व्हर्टरचा विचार नंतर.

कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम उतरवून घ्यावी, ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे इंजिनचे फेरे, भार, कूलंटचे तापमान, गाडीचा वेग आणि इंधनाची दुरुस्ती हे आकडे त्यात साठवलेले असतात, आणि कोड पुसला की तेही जातात. बॅटरीची तार काढून ‘रीसेट’ करण्याची सवय त्यामुळेच घातक आहे, कारण तीत दोष जागेवर राहतो आणि पुरावा मात्र नष्ट होतो. दिवा लागला नसला तरी प्रलंबित कोडही वाचावेत, कारण साधारण तीव्रतेचे मिसिंग गाडीच्या लागोपाठच्या दोन प्रवासांत आढळल्याशिवाय दिवा लागत नाही.

आता फ्युएल ट्रिम. संगणक ऑक्सिजन सेन्सरवर नजर ठेवून इंधनात जी टक्केवारीने वाढ किंवा घट करतो, तो हा आकडा. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल, तर सहसा काळजी नसते. आयडलिंगला ती अधिक २० टक्क्यांच्या घरात असेल आणि २५०० फेऱ्यांवर धरल्यावर शून्याजवळ येत असेल, तर हवेची गळती शोधावी. आयडलिंगला बरी आणि रस्त्यावर भार पडताच चढत जात असेल, तर इंधनाचा दाब कमी आहे किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर कमी हवा दाखवतो आहे. ट्रिम उणे २० टक्क्यांकडे असेल, तर इंधन जास्त होत आहे, म्हणजे गळका इंजेक्टर, उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह किंवा प्रमाणाबाहेर वाढलेला इंधनदाब. स्कॅनरवरचा हा एक आकडा एखाद्या अनुभवी माणसाच्या अंदाजापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

एकाच सिलिंडरचे मिसिंग : अदलाबदलीची चाचणी

कोड पी०३०२ आहे आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, असे धरू. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, कोड पुसावा आणि ज्या परिस्थितीत दोष येतो त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. कोड आता पी०३०३ आला, तर कॉइल दोषी हे सिद्ध झाले. पी०३०२ तसाच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग याच पद्धतीने प्लग हलवावा, आणि त्यानंतरही कोड जागचा हलला नाही, तर इंजेक्टर आणि सिलिंडरचा दाब यांकडे वळावे. एका वेळी एकच भाग हलवायचा, हा नियम काटेकोर पाळावा. दोन भाग एकदम हलवले, तर कोड सरकूनही कोणामुळे सरकला ते कळत नाही. चालू इंजिनवर कॉइल उपसून ठिणगी पाहण्याचा जुना खेळ मात्र करू नये. तेथे २० ते ४० हजार व्होल्ट असतात, आणि माणसाला धक्का बसण्याबरोबरच संगणकातील सर्किटही जळू शकते.

बाहेर काढलेला प्लग नीट उजेडात धरून पाहावा. टोकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल, तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. पेट्रोलने ओले टोक म्हणजे ठिणगी नाही. चकचकीत ओलसर काळे थर म्हणजे ऑइल. पांढराफटक, फोडांसारखे ठिपके असलेला प्लग म्हणजे अति उष्णता किंवा इंधनाची टंचाई. बाकीच्या प्लगांशी तुलना केल्याशिवाय मात्र निष्कर्ष काढू नये, कारण चारही प्लग सारखेच काळे असतील, तर दोष एका सिलिंडरचा नाही. टोक पाहून झाल्यावर बहुतेक जण प्लग बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात येऊन-जाऊन राहणाऱ्या दोषात पांढऱ्या चिनी मातीची बाजू अधिक बोलकी असते. तिच्यावर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी त्या वाटेने पळते आहे असे समजावे. तशीच जोडीची रेघ कॉइलच्या रबरी टोपीच्या आतही सापडते. अशा वेळी नुसता प्लग बदलला, तर टोपीतली रेघ नव्या प्लगवर थोड्याच दिवसांत तशीच रेघ उमटवते, आणि दोष परतला असे वाटते. तो मुळात गेलेलाच नसतो.

माझ्या पाहण्यातील एका गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरची कॉइल एका गॅरेजमध्ये एकाहून अधिक वेळा बदलली गेली होती, आणि प्रत्येक वेळी गाडी काही आठवडे ठीक चालून पुन्हा चढावर झटके मारू लागे. कॉइल उपसली तेव्हा तिची टोपी फुगून मऊ पडलेली होती आणि खोबणीत बोटभर ऑइल साचले होते. वरच्या झाकणाच्या गॅस्केटची प्लगभोवतालची सील कडक होऊन चिरली होती. तेथून झिरपणारे ऑइल टोपीचे रबर कुजवत होते आणि कुजलेल्या रबरातून ठिणगी पळत होती. गॅस्केट बदलली, खोबणी पुसून कोरडी केली, टोपी आणि प्लग नवे घातले, आणि ते प्रकरण संपले. कॉइल प्रत्येक वेळी खरोखरच दोषी होती, पण तिला दोषी करणारे कारण तिच्या बाहेर होते. एकच भाग दुसऱ्यांदा गेला, की त्या भागाची तपासणी सोडून त्याच्या शेजारी काय आहे ते पाहावे, हे मी येथूनच धरून चाललो आहे.

प्लग बसवताना त्याची फट उत्पादकाने दिलेल्या मापाशी ताडून पाहावी. ती सामान्यतः ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. इरिडियम प्लगची फट वाकवून जुळवू नये, त्याचे टोक नाजूक असते.

हवा

एअर फिल्टर, त्यानंतरची लवचीक रबरी नळी, थ्रॉटल बॉडी, इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी आणि क्रँककेसची हवा परत आणणारी पीसीव्ही नळी, या वाटेने हाताने चाचपत जावे. रबरी नळीच्या घड्या ताणून पाहाव्यात. चीर घडीच्या आत दडलेली असते आणि भार पडून इंजिन हलले की उघडते, म्हणून उभ्या गाडीत ती सापडत नाही. गळती शोधण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे धूर सोडणाऱ्या यंत्राने इनटेकमध्ये धूर भरणे. ज्वलनशील फवारा मारून इंजिनचा आवाज बदलतो का ते पाहण्याची रीतही रूढ आहे, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ती आगीला आमंत्रण देते आणि मी ती सुचवणार नाही.

एमएएफ सेन्सरची बारीक तार धुळीने किंवा तेलकट फिल्टरच्या तेलाने माखली, तर तो प्रत्यक्षाहून कमी हवा मोजतो. गरम इंजिनवर आयडलिंगला त्याचा आकडा ढोबळमानाने इंजिनच्या प्रत्येक लिटरमागे सेकंदाला एक ग्रॅमच्या आसपास असावा. संशय आल्यास इंजिन बंद करून त्याचा कनेक्टर काढावा आणि पुन्हा सुरू करून पाहावे. अनेक गाड्यांत संगणक मग ठरावीक अंदाजावर चालतो, आणि गाडी आधीपेक्षा बरी चालली, तर सेन्सरची बातमी खोटी होती असे मानायला जागा आहे. साफ करायचा झाल्यास त्यासाठीचाच फवारा वापरावा, तारेला बोट किंवा कापड लावू नये.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन धरतो. थंड सुरुवातीला अनियमित मिसिंग आणि हळूहळू घटत गेलेला दम, हे त्याचे लक्षण. टाकीत ओतायची औषधे येथे पोहोचत नाहीत. व्हॉल्व्ह प्रत्यक्ष साफ करावे लागतात.

इंधन

इंधनाचा दाब गेजने मोजल्याशिवाय पंप बदलू नये. पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हच्या बाहेर पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनात तो साधारणपणे ३ ते ४ बार असतो, पण त्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावा. आयडलिंगचा दाब पाहून समाधान मानू नये. गेज जोडून, सोबत दुसरा माणूस घेऊन, भाराखाली दाब किती उतरतो ते पाहावे. दाब पडत असेल तर आधी फिल्टर, मग पंपाच्या कनेक्टरवर मिळणारे व्होल्टेज आणि शेवटी पंप, या क्रमाने जावे. गंजलेल्या अर्थिंगमुळे किंवा जळक्या रिलेमुळे पंपाला व्होल्टेज कमी मिळत असेल, तर नवा पंपही तसाच मंद फिरेल.

थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात दाब २०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो आणि डिझेलच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीत, तो १६०० बारच्या पुढे जातो. चालू इंजिनवर हे पाइप सैल करणे जिवावर बेतू शकते, कारण तेथून उडणारी धार कातडी भेदून आत शिरते. ही तपासणी स्कॅनरवर रेल-दाबाचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवून करावी.

एक्झॉस्ट तुंबणे

इंजिन न थरथरता चालते, सुरुवातीला ठीक वाटते, पण वेग एका मर्यादेपुढे जातच नाही आणि इंजिन वाजवीपेक्षा जास्त तापते, असे असेल तर कन्व्हर्टर तपासावा. थंड असताना त्यावर रबरी हातोडीने हलकेच टकटक केल्यास तुटलेल्या जाळीचा खुळखुळाट ऐकू येतो, पण आवाज नाही म्हणून तो निर्दोष ठरत नाही. वितळून घट्ट बसलेली जाळी वाजत नाही. व्हॅक्यूम गेज असल्यास इंजिन २५०० फेऱ्यांवर स्थिर धरावे. निरोगी इंजिन समुद्रसपाटीजवळ आयडलिंगला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांइतका व्हॅक्यूम दाखवते, आणि स्थिर रेसवर तो टिकतो. एक्झॉस्ट तुंबलेला असेल, तर काटा हळूहळू उतरत जातो. उंचावरील प्रदेशात दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच कमी धरावा. याहून थेट पुरावा हवा असल्यास कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तेथे दाबमापक लावावा. २५०० फेऱ्यांवर ०.२ बारपेक्षा जास्त दाब आढळला, तर वाट अडलेली आहे. कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी तो कशाने वितळला याचा छडा लावणे आवश्यक आहे, नाहीतर नवाही त्याच मार्गाने जाईल.

संगणकाने घातलेली मर्यादा, आणि डिझेल

काही वेळा इंजिन ठरावीक फेऱ्यांवर, बहुधा २५०० ते ३००० च्या आसपास, अडते आणि पुढे जात नाही; बंद करून सुरू केले की पुन्हा मोकळे होते. हा लिंप मोड. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर संगणक सुरक्षिततेसाठी ताकद कापतो. थ्रॉटल बॉडीचेही तसेच. टर्बो असलेल्या गाडीत पी०२९९ हा कमी बूस्टचा कोड आला, तर टर्बोकडे पाहण्याआधी टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपांचे क्लॅम्प पाहावेत. सटकलेला पाइप फुसफुस आवाज करतो आणि डिझेल गाडी त्याबरोबर काळा धूर सोडते. डिझेलमध्ये याखेरीज काजळीने भरलेला डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर), अडकलेला ईजीआर आणि पाणी साचलेला फिल्टर हे नेहमीचे आरोपी आहेत. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत डीपीएफला स्वतःला जाळून साफ करण्याइतका वेळ आणि उष्णता मिळत नाही, हे कारण तर वहीतील नोंदींवरूनच दिसून येते.

इतके करूनही सापडत नसेल तर

सिलिंडरचा दाब मोजावा. इंधन आणि ठिणगी बंद करून, सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून इंजिन स्टार्टरवर फिरवावे. पेट्रोल इंजिनात १० ते १३ बार हे सर्वसाधारण आकडे आहेत, पण निरपेक्ष आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत महत्त्वाची; ती १० ते १५ टक्क्यांहून अधिक नसावी. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील, तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटली असण्याचा संभव सर्वांत अधिक. सगळेच सारख्या प्रमाणात कमी असतील आणि सोबत पी००१६ हा कोड असेल, तर टायमिंग चेन ताणली गेली आहे किंवा बेल्टने दाता सोडला आहे; अशा इंजिनला रेस देऊ नये, कारण अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो.

वायरिंगचा दोष सर्वांत चिवट असतो. इंजिन चालू ठेवून, पंखा आणि पट्टे यांपासून हात दूर ठेवत, एकेक कनेक्टर आणि तारांचा जुडगा हलकेच हलवावा आणि स्कॅनरवरील आकडे उडी मारतात का ते पाहावे. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत, स्टार्टर फिरत असताना, ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी फरक असावा. जास्त असेल तर अर्थिंगची पट्टी काढून घासून बसवावी. चार्जिंगचे व्होल्टेज बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असते. ते मध्येच कोसळत असेल, तर परस्परांशी काहीही संबंध नसलेले कोड एकदम येतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या मागे लागणारा माणूस भरकटतो. उंदरांनी कुरतडलेल्या तारा हा प्रकार जितका हास्यास्पद वाटतो तितकाच सर्रास आढळतो. इंजिनच्या कोपऱ्यात लेंड्या किंवा कापसाचे पुंजके दिसले, तर तारा टॉर्चने पाहाव्यात.

दुरुस्तीनंतरची खात्री

दिवा गेला म्हणजे दोष गेला असे होत नाही. कोड पुसल्यावर संगणक आपल्या अंतर्गत चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि त्या पूर्ण झाल्या की नाहीत हे स्कॅनरवर ‘तयार’ किंवा ‘अपूर्ण’ असे दिसते. थंड सुरुवात, शहरातील थांबत-थांबत चालणे आणि मोकळ्या रस्त्यावरचा स्थिर वेग, असे सर्व प्रकार झाल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. त्याखेरीज वहीत नोंदलेली जी परिस्थिती होती, तीच मुद्दाम घडवून आणावी. चढावर येणारा दोष चढावर, पावसात येणारा पावसात तपासावा. त्या फेरीनंतर प्रलंबित कोड वाचावेत, गाडीत सोय असल्यास प्रत्येक सिलिंडरच्या मिसिंगची मोजणी पाहावी आणि दीर्घकालीन ट्रिम शून्याच्या दिशेने परत येतो आहे का, ते काही दिवसांच्या अंतराने दोनदा तपासावे. ट्रिम अजूनही अधिक १५ टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर गाडी कितीही छान चालत असली तरी हवेची किंवा इंधनाची तपासणी पुन्हा हाती घ्यावी.